शफल बंद करा, ३५ मिनिटं काढा

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, फाइलच बिघडलीय. हॉस्टेलची खोली, पेपरच्या आदली रात्र, कुठल्या तरी प्लेलिस्टवर शफल चालू. एक गाणं लागलं. मस्त चाललं होतं आणि शेवटाकडे येताना मध्येच कापल्यासारखं थांबलं. पुढे लगेच भलतंच काहीतरी ढिंच्यॅक सुरू! दोन दिवसांनी तेच गाणं मूळ अल्बममध्ये ऐकलं आणि ट्यूब पेटली. ते कापलेलं नव्हतंच. ते पुढच्या गाण्यात शिरत होतं आणि माझ्या शफलनं त्याच्या तोंडावर दार लावलं होतं.

त्या अल्बमचं नाव ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. साल १९७१. गायक मार्विन गे. ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं २०२० मध्ये सर्वकालीन ५०० अल्बम्सची यादी काढली, त्यात हा पहिल्या नंबरावर होता. यादी सोडा, याद्या काय रोज येतात. पण ‘एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटत नाही असा अल्बम कुठला’ असा वाद कॅन्टीनमध्ये निघाला, तर तुमच्याकडे हे नाव असलेलं बरं. आणि त्यामागचा माणूसही माहीत असलेला बरा. कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत इतका नीट बांधलेला अल्बम करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं आयुष्य मात्र कधीच नीट लागलं नाही.

मार्विनचा जन्म २ एप्रिल १९३९ चा, अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमधला. वडील धर्मोपदेशक. घरात शिस्त कडक आणि मार त्याहून कडक. आई लोकांच्या घरी कामं करून संसाराला हातभार लावायची. मार्विन लहानपणी वडिलांच्या चर्चमध्ये गायचा. गाणं मिळालं ते तिथे आणि भीतीही त्याच घरात मिळाली. घरातून सुटायचं म्हणून तो हवाई दलात भरती झाला, पण हुकूम ऐकायची सवय काही लागेना, तेव्हा तिथूनही बाहेर पडला. पुढे गायक म्हणून नाव लावताना त्यानं आडनावाच्या स्पेलिंगला शेवटी एक ‘ई’ जोडला. उच्चार तोच राहिला, फक्त वडिलांच्या आणि त्याच्या नावात एका अक्षराचं अंतर पडलं.

१९६० मध्ये तो डेट्रॉइटला आला. हे मोटारींचं शहर. तिथे बेरी गॉर्डी नावाच्या तरुणानं नुकतीच एक रेकॉर्ड कंपनी काढली होती, मोटाउन. मोटर टाउनचं मोटाउन. गॉर्डीनं आधी मोटारीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम केलेलं. एका टोकानं लोखंडी सांगाडा आत जातो आणि दुसऱ्या टोकानं चकाचक गाडी बाहेर येते, हे त्यानं रोज पाहिलं होतं. गाण्यांचंही तसंच करायचं त्याच्या डोक्यात होतं. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे. चालायचं-बोलायचं कसं, हे शिकवणारेही वेगळे. आणि गाणं बाजारात जाण्याआधी कारखान्यासारखीच तपासणी. बैठक बसायची, गाणं वाजायचं, हिट होईल का यावर मतं पडायची. नापास झालं की कपाटात.

आपल्याला हे ऐकून नाक मुरडावंसं वाटतं. पण खरं सांगायचं तर या कारखान्यातून निघालेली गाणी जबरदस्त होती. कृष्णवर्णीय गायकांचं संगीत गोऱ्या अमेरिकेच्या दिवाणखान्यात पोहोचवण्याचं मोठं काम मोटाउननं केलं. मार्विन इथे आधी ड्रम वाजवायला बसला. १९६१ मधलं मार्व्हलेट्स या मुलींच्या ग्रुपचं ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ ऐका, ड्रमवर तोच आहे. त्याला खरं तर नॅट किंग कोलसारखी संथ, मुलायम गाणी गायची होती. तसा पहिला अल्बम काढलाही, तो आपटला. मग कंपनीनं त्याला तरुण पोरांना नाचवणारी गाणी दिली आणि तो स्टार झाला. १९६३ मध्ये त्यानं गॉर्डीच्या बहिणीशी, ॲनाशी लग्न केलं. ती त्याच्याहून १७ वर्षांनी मोठी. म्हणजे बघा, मालक आता मेव्हणाही झाला.

मग टॅमी टेरेल आली. १९६७ पासून या दोघांची युगुलगीतं अशी काही गाजली, की लोकांना ते खरंच जोडपं वाटायचं. तसं नव्हतं, पण मैत्री घट्ट होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात कार्यक्रम चालू असताना टॅमी स्टेजवर कोसळली, थेट मार्विनच्या हातांत. मेंदूत गाठ निघाली. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि १६ मार्च १९७० ला ती गेली. वय २४. तुमच्या-माझ्या आसपासचं.

गंमत म्हणजे याच काळात त्याचं करिअर अगदी शिखरावर होतं. १९६८ मधलं ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ सात आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. हे गाणंही तपासणीत आधी मागे ठेवलेलं, बरं का! पण मार्विनचं लक्ष उडालं होतं. त्यानं स्टेज सोडलं. दाढी वाढवली. हद्द म्हणजे तिशी ओलांडल्यावर त्यानं डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक फुटबॉल टीममध्ये जायचं ठरवलं. त्यासाठी व्यायाम केला, वजन वाढवलं. टीमनं घेतलं नाही. पण त्यातले दोन खेळाडू, मेल फार आणि लेम बार्नी, त्याचे जिगरी झाले. ही नावं लक्षात ठेवा.

बाहेर काय चाललं होतं? जुलै १९६७ च्या दंगलीत डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली, रस्त्यावर रणगाडे आले. व्हिएतनामचं युद्ध संपता संपत नव्हतं. मार्विनचा धाकटा भाऊ फ्रँकी तिथे सैनिक होता. त्याची पत्रं यायची. तो परत आला तेव्हा त्यानं पाहिलेलं सगळं मार्विनला सांगितलं. इकडे स्टुडिओत मात्र तेच. प्रेम, विरह, नाच, पुढचं गाणं.

तेवढ्यात फोर टॉप्स या मोटाउनच्याच ग्रुपमधला ओबी बेन्सन एक अर्धवट गाणं घेऊन आला. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे पोलिसांनी तरुण आंदोलकांना झोडपलेलं त्यानं पाहिलं होतं. त्याच्या ग्रुपला ते गाणं नको होतं. मार्विननं घेतलं, चालीत आणि शब्दांत आपली भर घातली आणि जून १९७० मध्ये ते रेकॉर्ड केलं.

आता इथे नीट लक्ष द्या. या गाण्याची सुरुवात सॅक्सोफोननं होते. वाजवणारा ईलाय फाँटेन तेव्हा नुसता हात मोकळा करत होता. त्याला वाटलं, खरं रेकॉर्डिंग अजून व्हायचंय. मार्विननं त्याला घरी पाठवलं, काम झालं होतं. मार्विननं स्वतःचं गाणं दोनदा गाऊन ठेवलं होतं, त्यातलं चांगलं निवडायचं म्हणून. ऐकवताना इंजिनिअरकडून दोन्ही एकदम वाजले. एकच माणूस दोन आवाजांत स्वतःशीच बोलतोय, असं काहीतरी झालं. मार्विननं दोन्ही ठेवले. मागे पार्टीसारखा गलका ऐकू येतो ना, एकमेकांना हाका मारणारा? त्यात ते फुटबॉलवाले दोघे आहेत. कारखान्याच्या हिशोबात या तिन्ही गोष्टी दोष होते. तपासणीत पकडून काढून टाकायचे.

आणि झालंही तसंच. गॉर्डीला गाणं आवडलं नाही. हे विकलं जाणार नाही आणि राजकारणात पडून मार्विन आपले श्रोते घालवेल, असं त्याला वाटलं. त्याच्या जागी बसून पाहिलं तर ते अगदीच चूकही नव्हतं, कंपनी चालवायची होती त्याला. मार्विननं सरळ संप केला. हे गाणं येत नाही तोवर दुसरं काही गाणार नाही. महिने गेले. शेवटी जानेवारी १९७१ मध्ये कंपनीतल्याच काही अधिकाऱ्यांनी गॉर्डीला न सांगता ते बाजारात आणलं. हातोहात लाखाच्या वर प्रती खपल्या. मग तोच गॉर्डी अख्खा अल्बम मागायला आला, तोही महिन्याभरात.

मार्च १९७१ मध्ये साधारण दहा दिवसांत बाकीची गाणी झाली. नऊ गाणी, जेमतेम ३५ मिनिटं. २१ मे रोजी अल्बम आला. मोटाउनच्या अल्बमवर मागे वाजवणाऱ्या वादकांची नावं पहिल्यांदाच छापली गेली. इतकी वर्षं हिट गाणी वाजवून ही माणसं बिनचेहऱ्याचीच राहिली होती.

तर मग हा अल्बम आरपार चांगला का? माझं मत सांगते, पटलं तर बघा. यातलं प्रत्येक गाणं सुटं हिट होईल असं नाही. ‘गॉड इज लव्ह’ तर दोन मिनिटांचंही नाही, एकटं वाजवलं तर अर्धवट वाटेल. पण क्रम बघा. पहिल्या गाण्यात एक माणूस आईला, भावाला, वडिलांना हाक मारून विचारतोय की हे चाललंय काय. दुसऱ्यात तो युद्धावरून घरी आलाय आणि काम शोधतोय. हा तर फ्रँकीच. तिसऱ्यात काम नाही, शांती नाही, म्हणून हेरॉइन. चौथ्यात मुलांची काळजी. पाचव्यात देव. सहाव्यात तेलानं काळे झालेले समुद्र आणि विषारी हवा, तेही पहिला वसुंधरा दिन होऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना. ही सहा गाणी एकमेकांत विरघळत जातात. एकाची ढोलकीसारखी थाप पुढच्याच्या हातात पडते. मैफलीत भैरवी आधी घेतली तर कसं वाटेल? तसंच इथे. चौथं गाणं दुसऱ्याच्या जागी ठेवा, सगळं कोसळतं. शेवटच्या गाण्यात गल्लीतली गरिबी, कर आणि पोलीस येतात आणि अगदी शेवटी पहिल्या गाण्याची चाल परत येते. प्रश्न तिथेच उभा. उत्तर मिळालेलं नाही.

म्हणजे कारखाना एकेक गाणं तपासत होता, सुटं, शफलवर ऐकल्यासारखं. मार्विन मात्र एका गाण्यातून पुढच्या गाण्यात जायचा रस्ता तपासत होता. बिनचूक असणं आणि पूर्ण असणं यातला फरक मला इथे कळला.

पुढचं आयुष्य मात्र असं बांधता आलं नाही. ॲनाशी घटस्फोट झाला. तिला द्यायला पैसे नव्हते, म्हणून पुढच्या अल्बमच्या कमाईतला वाटा द्यायचं ठरलं. त्यानं तो अल्बमच मोडलेल्या लग्नावर केला, १९७८ मध्ये. कोकेन, करांची थकबाकी, मग देश सोडणं. १९८१ मध्ये बेल्जियममधल्या ओस्टेंड या समुद्रकाठच्या गावात तो सावरला, धावायला लागला, नवी गाणी केली. १९८३ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले, आयुष्यातले पहिले. वाटलं, गाडी रुळावर आली. पण अमेरिकेत परतल्यावर तो पुन्हा ढासळला आणि लॉस एंजेलिसला आईवडिलांच्या घरी राहायला गेला. १ एप्रिल १९८४ ला आईवडिलांच्या भांडणात तो मध्ये पडला, बापलेकांची हाणामारी झाली आणि वडिलांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल मार्विननंच त्यांना आणून दिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो ४५ वर्षांचा झाला असता.

हे कळल्यावर मी पहिलं गाणं परत लावलं. त्यात तो वडिलांना हाक मारतो ती जागा आली आणि मला काही सुचेना. तेरा वर्षं आधी गायलेलं होतं ते. त्या हाकेला घरातून कधी ओ आलीच नाही.

तर आज कॉलेजमधून घरी जाताना एक करा. शफल बंद. नोटिफिकेशन बंद. पहिल्या गाण्यापासून सुरू करा आणि मध्ये काही पुढे ढकलू नका. संपल्यावर हेडफोन लगेच काढू नका, शेवटी पहिली चाल परत येईल तेवढी ऐका. आणि मग मला मेल करून सांगा, तुमचा असा अल्बम कुठला, मराठी, हिंदी, कुठलाही. फक्त नाव नको. कुठल्या गाण्यानंतर कुठलं येतं आणि का, ते लिहा.