निःस्पृह चिंतामणराव

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या वाटेला लागले, की सह्याद्रीच्या पायथ्याशी पोफळी हे गाव येते. घाटापलीकडे अडविलेले कोयनेचे पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटात उतरते आणि तेथील भुयारी वीजगृहात त्यापासून वीज निर्माण होते. १९६२ साली या वीजनिर्मितीस आरंभ झाला. हे वीजगृह वाटसरूच्या दृष्टीस पडत नाही. तथापि पाणी किती आले आणि वीज किती गेली, याची नोंद तेथे अखंड ठेवली जाते. डोंगराआड चालणाऱ्या कामाचाही हिशेब असतो, म्हणून त्या कामाचा भरवसा वाटतो.

राज्यकारभाराचेही असेच आहे. मंत्र्यांच्या दालनात काय चालते, ते सामान्य माणसाला दिसत नाही. मग त्याने भरवसा कशावर ठेवावा? या प्रश्नाचा विचार करणारा आणि त्यासाठी आपले वजन खर्च करणारा एक थोर पुरुष कोकणच्याच भूमीत जन्मास आला. कोयनेचे काम हाती घेतले गेले, त्या पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात देशाचे अर्थखाते त्यांच्याकडे होते. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. हे गाव त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. मातोश्रींचे नाव भागीरथीबाई. चिंतामणरावांचे बालपण रोहे परिसरात गेले. लहानपणापासून त्यांची बुद्धी कुशाग्र आणि वृत्ती अभ्यासू होती. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली.

पुढे ते इंग्लंडला गेले. केंब्रिज येथील जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्र हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय होता आणि त्यात त्यांना पारितोषिकही मिळाले. १९१८ साली ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेस बसले आणि पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. त्या काळी या परीक्षेत इंग्रज तरुणांची मक्तेदारी असे. तेथे कोकणातल्या एका तरुणाने अग्रस्थान पटकाविले, ही साधी गोष्ट नव्हती.

१९२० साली मायदेशी परतल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात त्यांची नेमणूक झाली. जमिनीची मोजणी, सारा ठरविणे, प्रांताच्या जमाखर्चाचा ताळेबंद मांडणे अशी कामे त्यांनी अनेक वर्षे केली. या कामांत अधिकाऱ्याच्या एका शेऱ्याने कोणाचे कोटकल्याण होई, तर कोणाचे घर बुडे. अशा जागी बसणाऱ्याला मोह पदोपदी भेटतो.

१९३९ साली चिंतामणराव रिझर्व्ह बँकेच्या सेवेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्या बँकेचे गव्हर्नर झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय होत. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जगातील अनेक राष्ट्रांची अर्थपरिषद भरली. तेथे हिंदुस्थानच्या प्रतिनिधींत तेही होते. १९४७ साली देशाची फाळणी झाली. त्यानंतरही १९४८ च्या जूनअखेरपर्यंत पाकिस्तानचे चलन रिझर्व्ह बँकच सांभाळीत होती. घर विभक्त झाले, तरी तिजोरी काही काळ एकाच विश्वस्ताकडे होती. अशा वेळी त्या विश्वस्ताचे काम किती नाजूक असेल, याची कल्पना करावी.

१ जून १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या मंत्रिमंडळात चिंतामणराव अर्थमंत्री झाले. १९५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिले. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत.

त्यांच्या कारकिर्दीतील एक प्रसंग विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या काळी आयुर्विम्याचा धंदा खाजगी कंपन्यांच्या हाती होता. लहानमोठ्या मिळून २४५ संस्था हा व्यवसाय करीत. आपल्या मागे बायकामुलांचे हाल होऊ नयेत, म्हणून लोक पोटाला चिमटा घेऊन विम्याचे हप्ते भरीत. पण काही कंपन्यांचे चालक हा पैसा आपल्याच अन्य धंद्यांकडे वळवीत. हा व्यवसाय सरकारने ताब्यात घ्यावा, असे ठरले. मात्र ही वार्ता आधी फुटती, तर अप्रामाणिक चालकांना पैसा हलविण्यास आणि हिशेबाच्या वह्या बदलण्यास अवधी मिळाला असता. म्हणून सारी तयारी अत्यंत गुप्तपणे करण्यात आली. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून ही घोषणा केली, तेव्हाच देशाला तो निर्णय कळला. त्यातूनच १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले.

मुलांनो, या प्रसंगाचा थोडा अधिक विचार करू. असे गुपित ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच नावावर एखाद्या विमा कंपनीचे भाग असते तर? किंवा त्याचा भाऊ एखाद्या कंपनीचा चालक असता तर? एका बाजूला देशाचे हित आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या घराचा लाभ, अशा कात्रीत तो सापडला असता. यालाच हितसंबंधांचा संघर्ष असे म्हणतात. असा माणूस वाईटच असतो असे नव्हे. पण त्याने न्यायाने निर्णय दिला, तरी लोकांच्या मनात किंतु राहतो; आणि त्याचा तोल नकळत ढळण्याचा संभवही असतो. आपल्या शाळांतही ही काळजी घेतली जाते. ज्या शिक्षकाचा मुलगा एखाद्या सार्वजनिक परीक्षेस बसणार आहे, त्याने ते आधीच कळवावे आणि त्या परीक्षेची प्रश्नपत्रिका काढू नये, अशी रीत आहे. त्यात शिक्षकाचा अपमान नाही. उलट, ज्याने आधी सांगितले, त्याच्याविषयी कुजबुज करण्यास कोणास जागाच उरत नाही.

१९५६ साली चिंतामणरावांच्याच जीवनात एक कसोटीचा क्षण आला. मुंबई शहर महाराष्ट्रास न देता केंद्राच्या कारभाराखाली ठेवावे, असा निर्णय झाला होता. त्याविरुद्ध महाराष्ट्रात प्रक्षोभ उसळला. मुंबईत पोलिसांचा गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले. हा निर्णय ज्या पद्धतीने झाला, ती चिंतामणरावांना पटली नाही. गोळीबाराची चौकशी करण्यास सरकार तयार नाही, याचेही त्यांना दुःख झाले. जे मनाला पटत नाही, त्याची जबाबदारी वाहत पदावर राहणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि आपली कारणे लोकसभेत स्पष्टपणे मांडली. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

पद गेले म्हणून त्यांचे काम थांबले नाही. विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी देशातील उच्च शिक्षणाची घडी बसविण्यास हातभार लावला. एवढ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत एक खेदजनक घटना घडली. त्यांच्या काळात योजिलेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ साली हरिदास मुंदडा या व्यापाऱ्याच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. या व्यवहाराविषयी लोकसभेत प्रश्न उठले. न्यायमूर्ती चागला यांनी मुंबईत सर्वांसमक्ष चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये त्या वेळचे अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. गरिबांच्या हप्त्यांतून साठलेला पैसा विश्वस्तांच्या हातूनही कसा धोक्यात येऊ शकतो, हे देशाला दिसून आले. त्याचबरोबर, निःपक्षपाती माणसाने उघडपणे चौकशी केली तर सत्य लवकर हाती लागते, हेही कळले.

१९५९ साली मद्रास येथे केलेल्या भाषणात चिंतामणरावांनी एक मागणी केली. मंत्र्यांच्या आणि उच्च पदस्थांच्या गैरवर्तनाच्या तक्रारी तपासण्यासाठी एक कायमचे, उच्च दर्जाचे, निःपक्षपाती न्यायमंडळ असावे, अशी ती मागणी होती. असे मंडळ नेमले, तर आपण स्वतः काही प्रकरणे त्यापुढे ठेवू, असेही त्यांनी सांगितले. देशभर खळबळ उडाली. पंडित नेहरूंना ही सूचना मान्य झाली नाही. अशा मंडळापुढे खऱ्याबरोबर खोट्या तक्रारींचाही पूर येईल, सर्वत्र संशयाचे वातावरण पसरेल आणि राज्यकारभार चालविणे अवघड होईल, असे त्यांचे मत होते. या मतातही तथ्य होते. निराधार आळ घेणे सोपे असते आणि तो पुसून काढणे कठीण असते. चिंतामणरावांचा विचार मात्र निराळा होता. तक्रार तपासणारी जागाच नसेल, तर आळ हवेत तरंगत राहतो. त्याने दोषी माणूस सुटतो आणि निर्दोष माणूसही डागाळतो. म्हणून चौकशीची सोय हवी, ती प्रामाणिक मंत्र्याच्या रक्षणासाठीही हवी.

ज्यांच्या मंत्रिमंडळात आपण सहा वर्षे काम केले, त्या लोकप्रिय पंतप्रधानांना न रुचणारी गोष्ट जाहीरपणे बोलणे सोपे नव्हते. त्यामुळे त्यांच्यावर टीकाही झाली. पण ते आपल्या मतापासून ढळले नाहीत.

त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न विझला नाही. १९६२ साली भ्रष्टाचारास आळा घालण्याचे उपाय सुचविण्यासाठी संथानम समिती नेमण्यात आली. १९६४ साली मंत्र्यांसाठी आचारसंहिता तयार झाली. मंत्रिपद स्वीकारण्यापूर्वी आपली व आपल्या कुटुंबीयांची मालमत्ता, देणी आणि धंद्यातील हितसंबंध केंद्रातील मंत्र्याने पंतप्रधानांना व राज्यातील मंत्र्याने मुख्यमंत्र्यांना कळवावेत, असे तिच्यात सांगितले आहे. ज्या धंद्यात पूर्वी लक्ष घातले असेल, त्याचा कारभार मंत्र्याने सोडावा, नवा धंदा काढू नये, मौल्यवान भेटी स्वीकारू नयेत, असेही तिच्यात आहे. ही संहिता कायदा नव्हे. तिचे पालन मंत्र्याच्या सद्‌सद्विवेकावर आणि वरिष्ठांच्या दक्षतेवर अवलंबून असते. हीच तिची मर्यादा होय.

पुढे महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्ताचा कायदा केला आणि १९७२ मध्ये लोकायुक्ताची प्रत्यक्ष नेमणूक करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निर्णयांनंतर निवडणुकीस उभे राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता व देणी शपथपत्रावर जाहीर करावी लागतात. केंद्रात लोकपालाचा कायदा २०१३ साली संमत झाला आणि पहिल्या लोकपालांची नेमणूक २०१९ मध्ये झाली. चिंतामणरावांच्या मद्रास येथील भाषणास तेव्हा साठ वर्षे झाली होती.

चिंतामणरावांचे उत्तरायुष्य विद्येच्या आणि समाजसेवेच्या सहवासात गेले. १९५३ साली दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. त्या संविधान सभेच्या सदस्या आणि थोर समाजसेविका होत्या. १९५९ साली चिंतामणरावांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६९ साली त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली, पण त्यांना यश आले नाही. संस्कृतवरील त्यांचे प्रेम अखेरपर्यंत टिकले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले आणि स्वतः संस्कृत कविताही रचल्या. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

चिंतामणरावांसारखी उच्च पदे सर्वांच्या वाट्यास येत नाहीत. परंतु विश्वासाची लहानसहान कामे प्रत्येकाच्या वाट्यास येतात. वर्गाच्या सहलीचे पैसे एखाद्या मुलाकडे सोपविले जातात. खाऊ आपल्याच काकांच्या दुकानातून घ्यायचा असेल, तर त्याने ते सर्वांना आधी सांगावे. सहलीहून आल्यावर कोणी मागण्यापूर्वी पैशापैशाचा हिशेब फळ्यावर मांडावा. असे करणारा मुलगा चिंतामणरावांच्याच वाटेने चालला आहे, असे खुशाल समजावे.