पडद्यावर अक्षरे परत आणणारा नट

- प्रतिनिधी

मूकपटाच्या काळात चित्रपटगृह ही ऐकू येणाऱ्या आणि ऐकू न येणाऱ्या माणसांना समान पातळीवर आणणारी जागा होती. कथा हावभावांतून पुढे सरके आणि जिथे अडे तिथे पडद्यावर अक्षरांची पाटी झळके. शेजारच्या खुर्चीवरचा प्रेक्षक कर्णबधिर आहे, हे त्या अंधारात कुणाच्या लक्षातही येत नसे. बोलपट आला आणि पाट्या अनावश्यक ठरल्या. ऐकणाऱ्यांच्या जगाने या नव्या चमत्काराचे स्वागत केले. कर्णबधिरांच्या दृष्टीने मात्र चित्रपटगृहाचे दार त्याच दिवशी बंद झाले. हे दार पुन्हा किलकिले करण्याचा, म्हणजेच तयार झालेल्या बोलपटात बाहेरून अक्षरे बसवण्याचा पहिला प्रयत्न १९४७ मध्ये ज्याने केला असे मानले जाते, तो स्वतः मूकपटातील नट होता आणि स्वतः कर्णबधिर होता. त्याचे नाव इमर्सन रोमेरो. आज संगणकावरील कोणत्याही चित्रफितीला क्लोज्ड कॅप्शन जोडणे काही मिनिटांचे काम झाले असताना या माणसाची धडपड आठवणे अगत्याचे ठरते.

हवाना ते न्यूयॉर्क

इमर्सन रोमेरो यांचा जन्म १९ ऑगस्ट १९०० रोजी क्यूबाची राजधानी हवाना येथे झाला. वयाच्या सहाव्या वर्षी डांग्या खोकला आणि त्यासोबत आलेल्या तीव्र तापाने त्यांची श्रवणशक्ती हिरावून घेतली. आई-वडिलांनी त्यांना न्यूयॉर्कमधील राइट ओरल स्कूल या शाळेत घातले. ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणे आणि स्वतः उच्चार करून बोलणे यावर या शाळेचा भर होता. हेलन केलर यांनीही १८९४ ते १८९६ या काळात याच शाळेच्या पूर्वरूपात शिक्षण घेतले होते. पुढचे शिक्षण रोमेरो यांनी ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळांत घेतले. कोलंबिया विद्यापीठ आणि नंतर लफायेत महाविद्यालय अशी वाटचाल झाली. पण पैशांच्या अडचणीमुळे पदवी हाती येण्यापूर्वीच शिक्षण सोडावे लागले आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत नोकरी पत्करावी लागली.

बँकेतील खातेवह्यांतच त्यांचे आयुष्य सरले असते. परंतु त्यांचे भाऊ डोरियन यांनी क्यूबात चित्रपटनिर्मितीचा घाट घातला आणि नायकाच्या भूमिकेसाठी इमर्सन यांना बोलावून घेतले. कर्णबधिर माणसाने नट व्हावे, यात तेव्हा कुणाला फारसे वावगे वाटण्याचे कारण नव्हते. मूकपटाला आवाज नको होता. त्याला बोलका चेहरा आणि चपळ शरीर हवे होते. रोमेरो यांच्याकडे ते दोन्ही होते.

टॉमी अल्बर्ट

क्यूबातील निर्मिती व्यवसाय म्हणून फारशी तगली नाही. मात्र तिने रोमेरो यांना हॉलिवूडची वाट दाखवली. १९२६ च्या सुमारास ते कॅलिफोर्नियात दाखल झाले. तिथे टॉमी अल्बर्ट हे नवे, सुटसुटीत इंग्रजी नाव त्यांना मिळाले आणि या नावाने त्यांनी दोन रिळांच्या सुमारे दोन डझन विनोदी लघुपटांत कामे केली. त्या काळच्या अन्य विनोदी नटांप्रमाणे स्वतःची रंगभूषा स्वतः करणे, उंचावरून पडण्याची दृश्ये स्वतः देणे हे सारे त्यांनी केले. पुढे हॉलिवूडमध्ये नाव कमावलेला आणि १९६० च्या दशकातील बॅटमन दूरचित्रवाणी मालिकेत जोकर रंगवणारा सीझर रोमेरो हा त्यांचा चुलतभाऊ.

त्या काळात हॉलिवूडमध्ये कर्णबधिर कलावंत म्हणून ते एकटे नव्हते. ग्रॅनव्हिल रेडमंड हे कर्णबधिर चित्रकार चार्ली चॅप्लिन यांचे स्नेही होते. चॅप्लिन यांनी आपल्या स्टुडिओच्या आवारात त्यांना चित्रे काढण्यासाठी जागा दिली होती आणि १९३१ च्या सिटी लाइट्ससह काही चित्रपटांत छोट्या भूमिकाही दिल्या होत्या. हावभावांची भाषा ज्यांची मातृभाषाच होती, अशा माणसांसाठी मूकपट हे हक्काचे अंगण होते.

बोलपटाचा फटका

६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्क येथे द जॅझ सिंगर प्रदर्शित झाला आणि दोन-तीन वर्षांतच मूकपटाची सद्दी संपली. आपल्याकडेही १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात आलम आरा झळकला आणि १९३२ मध्ये प्रभातच्या अयोध्येचा राजाने मराठी पडद्याला वाचा दिली. चित्रपटाच्या इतिहासात ही वर्षे सुवर्णाक्षरांनी नोंदली गेली. परंतु त्याच वर्षांनी कर्णबधिर प्रेक्षकाला पडद्यावरच्या हलणाऱ्या ओठांकडे नुसते पाहत बसवले. कॅमेऱ्याकडे पाठ करून बोलणारे पात्र तर त्याच्यासाठी पूर्णच हरवत असे.

रोमेरो यांना हा फटका दुहेरी बसला. नट म्हणून काम गेले आणि प्रेक्षक म्हणून करमणूकही गेली. ते न्यूयॉर्कला परतले, पुन्हा नोकरीच्या चाकोरीत शिरले. अभिनयाची ओढ मात्र सुटली नव्हती. १९३४ मध्ये त्यांनी मित्रांच्या साथीने थिएटर गिल्ड ऑफ द डेफ ही नाट्यसंस्था उभी केली. कर्णबधिर नटांनी कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सादर केलेली नाटके, त्यांचे दिग्दर्शन आणि अभिनय यांत त्यांची पुढील बरीच वर्षे गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाँग आयलंडवरील फार्मिंगडेल येथील रिपब्लिक एव्हिएशन या कारखान्यात ते काम करू लागले. थंडरबोल्ट ही लढाऊ विमाने याच कारखान्यात तयार होत असत.

कात्री, फीत आणि पाट्या

युद्ध संपले. करमणुकीची साधने वाढली. पण बोलपट येऊन वीस वर्षे लोटली तरी कर्णबधिरांच्या क्लबांमध्ये दाखवायला नवे चित्रपट नव्हतेच. जुन्या मूकपटांच्या झिजलेल्या प्रतीच पुन्हा पुन्हा फिरत. परदेशात दाखवायच्या चित्रपटांवर दुसऱ्या भाषेतील अक्षरे घालण्याची पद्धत होती. परंतु इंग्रजी चित्रपटावर इंग्रजी अक्षरे कोण आणि कशासाठी घालणार? चित्रपट कंपन्यांना त्यात बाजारपेठ दिसत नव्हती.

१९४७ मध्ये रोमेरो यांनी हे काम स्वतःच अंगावर घेतले. त्यांनी काही बोलपटांच्या प्रती मिळवल्या. संवाद लिहून काढले, त्यांचा सारांश केला, त्याच्या पाट्या तयार करून त्यांचे चित्रण केले आणि मूळ फीत ठिकठिकाणी कापून या पाट्या दृश्यांच्या मध्ये जोडल्या. थोडक्यात, बोलपटाला त्यांनी पुन्हा मूकपटाचे रूप दिले. असे चित्रपट ते कर्णबधिरांच्या शाळांना आणि क्लबांना भाड्याने देऊ लागले.

हे काम किती जिकिरीचे होते, याची कल्पना थोड्या हिशेबाने येईल. बोलपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते. एखादी पाटी वाचायला पाच सेकंद द्यायचे म्हटले तर १२० चौकटी लागतात. १६ मिलिमीटरच्या फितीवर त्यांची लांबी तीन फूट भरते. अशा शंभर पाट्या घातल्या की चित्रपट आठ मिनिटांनी लांबतो. शिवाय अशा फितीवर ध्वनी हा त्याच्या चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो. त्यामुळे चित्राच्या दृष्टीने सोयीच्या जागी फीत कापली, तरी ध्वनी भलत्याच ठिकाणी, शब्द अर्धा असताना तुटतो. रोमेरो यांचा प्रेक्षक ध्वनी ऐकणार नव्हता, म्हणून हे चालून गेले. पण त्याच्यासोबत आलेल्या ऐकू येणाऱ्या भावंडांना वा मुलांना तो चित्रपट पाहणे असह्य होई. पाट्यांमुळे कथेची लयही मोडत असे. कर्णबधिरांसाठी केलेली प्रत फक्त कर्णबधिरांचीच राहिली, ही या पद्धतीची मोठी मर्यादा होती. शिवाय मागणी वाढली तशी प्रत्येक प्रतीसाठी हीच कापाकापी करणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. व्यवसाय म्हणून हा प्रयोग फार पुढे गेला नाही.

प्रयोगातून चळवळ

मात्र बी रुजले होते. कनेक्टिकट राज्यातील अमेरिकन स्कूल फॉर द डेफ या शाळेतील कर्णबधिर शिक्षक पिएर राकाउ, तेथील अधीक्षक एडमंड बोटनर आणि न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन शाळेचे क्लॅरेन्स ओकॉनर यांनी हाच प्रश्न संस्थेच्या बळावर हाती घेतला. त्यांनी फीत कापली नाही. तयार प्रतीवरच अक्षरे कोरून घेण्याची, परदेशी चित्रपटांसाठी वापरात असलेली रासायनिक पद्धत त्यांनी स्वीकारली. फितीवर मेणाचा पातळ थर द्यायचा, तापलेल्या अक्षरांच्या ठशाने नेमक्या जागचे मेण वितळवायचे आणि मग रसायनात बुडवून तेवढ्या भागातील चित्राचा थर काढून टाकायचा. म्हणजे पडद्यावर पांढरी शुभ्र अक्षरे चित्राच्या तळाशी उमटतात. चित्र थांबत नाही आणि ध्वनीही तुटत नाही. अशा रीतीने सुमारे तीस चित्रपट तयार झाले.

देणग्यांवर चालणारे हे काम अखेर सरकारने उचलले. २ सप्टेंबर १९५८ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या स्वाक्षरीने कर्णबधिरांसाठी सशब्द चित्रपटांची तरतूद करणारा कायदा झाला. या योजनेत १९६० मध्ये माल्कम नॉरवुड हे कर्णबधिर शिक्षक दाखल झाले. पाचव्या वर्षी श्रवणशक्ती गमावलेल्या नॉरवुड यांनी चित्रपटांपुरते न थांबता दूरचित्रवाणीवर लक्ष केंद्रित केले. क्लोज्ड कॅप्शनचे जनक म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते.

बंद अक्षरांचे मर्म

दूरचित्रवाणीत नवा पेच उभा राहिला. ऑगस्ट १९७२ मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या केंद्राने ज्युलिया चाइल्ड यांचा पाककृतींचा कार्यक्रम सर्वांना दिसतील अशा अक्षरांसह प्रसारित केला. पण प्रत्येक घरात, प्रत्येक कार्यक्रमावर अक्षरे दिसत राहिली तर ऐकू येणारा प्रेक्षक ती खपवून घेणार नाही, अशी प्रसारकांची भीती होती. उत्तर सापडले ते अक्षरे लपवण्यात. त्या काळच्या अमेरिकन दूरचित्रवाणी चित्राच्या २१ व्या ओळीत, म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या भागात, अक्षरांचे संकेत पाठवायचे आणि ज्याला हवी त्याने उपकरण लावून ती उघडायची. मुळात बंद, हवी तेव्हा उघडणारी, म्हणून क्लोज्ड कॅप्शन. १६ मार्च १९८० पासून असे कार्यक्रम नियमित सुरू झाले. १९९० च्या कायद्याने १३ इंच वा त्याहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांत जुलै १९९३ पासून ही सोय आतच बसवणे बंधनकारक केले.

रोमेरो हे पाहायला राहिले नाहीत. उत्तरायुष्यातही त्यांचा उद्योगी स्वभाव स्वस्थ बसला नव्हता. १९५९ मध्ये त्यांनी व्हायब्रलार्म ही कंपनी काढली. गजराचे घड्याळ, दाराची घंटा, पाळण्यातील बाळाचे रडणे या साऱ्या आवाजांची सूचना कर्णबधिर माणसाला थरथरीतून देणारी उपकरणे ती पुरवत असे. ऑक्टोबर १९७२ मध्ये कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे त्यांचे निधन झाले. दूरचित्रवाणीवर अक्षरे येण्यास सुरुवात होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

आज रोमेरो यांचेच काम घरच्या संगणकावर होते. तयार चित्रफितीसाठी एक साधी मजकुराची फाइल लिहायची. तिच्यात प्रत्येक वाक्याचा क्रमांक, ते कोणत्या क्षणी यावे आणि कोणत्या क्षणी जावे याची वेळ, आणि खाली वाक्य. एसआरटी या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार सर्वाधिक रूढ आहे. मग चित्र आणि ध्वनी यांच्या शेजारी तिसरा स्वतंत्र प्रवाह म्हणून ही अक्षरे मूळ फाइलमध्ये गुंफायची. चित्राच्या एकाही चौकटीला धक्का लागत नाही, ध्वनी तसाच राहतो आणि ज्याला अक्षरे नकोत त्याला ती दिसतही नाहीत. मात्र यंत्राने न भागणारा एक भाग तेव्हाही होता आणि आजही आहे. संवादाखेरीज दारावरची थाप, दूरचा हुंदका, अचानक थांबलेले संगीत हेही अक्षरांतून सांगावे लागते आणि वाचायला पुरेसा अवधी द्यावा लागतो. काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे ठरवणारा माणूसच लागतो. रोमेरो संवादांचा सारांश करीत बसत, तेव्हा हाच निर्णय घेत होते.

भारताच्या २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख ७० हजार नोंदली गेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर माहिती व नभोवाणी मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतील सुगम्यतेसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्रात १९१३ मध्ये हिंदी आणि इंग्रजी पाट्या होत्या. म्हणजे कर्णबधिर रसिकाला आपल्या पडद्याने एकेकाळी जे सहज दिले होते, तेच त्याला परत द्यायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. फार्मिंगडेलच्या कारखान्यातील एका कामगाराने त्यासाठी १९४७ सालीच हाती कात्री घेतली होती.