शंभुनाथ डे

मानवी शरीरात पाणी आणि मीठ यांचा समतोल अखंड राखला जातो. पाणी कमी झाले की मेंदू तहानेची जाणीव करून देतो आणि मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. पटकीच्या रोगात मात्र हा समतोल काही तासांतच ढळतो. तो कसा ढळतो, या प्रश्नाचा उलगडा डॉ. शंभुनाथ डे यांनी केला.

त्यांचा जन्म १९१५ साली बंगालमधील हुगळी जिल्ह्यात, गरीबाटी या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १९३९ मध्ये पदवी घेतली. लंडन येथे संशोधन करून १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर ते मायदेशी परतले. बंगालमध्ये तेव्हा पटकीने असंख्य माणसे दगावत असत.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यातच निश्चित केला होता; परंतु तो माणसाचा जीव कसा घेतो, हे कोणी सिद्ध करू शकले नव्हते. जंतूचे विष सर्व शरीरात भिनत असावे, असे अनेकांना वाटे. डे यांनी वेगळा विचार केला. पाणी आतड्यातून जाते, तर कारणही आतड्यातच शोधले पाहिजे. १९५३ मध्ये त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. तो भाग पाण्याने फुगला. पुढे १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून उरलेला द्रव वापरला, तरीही तेच घडले. जंतू विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्यात पाणी झरते, हे त्यावरून सिद्ध झाले. हे विष आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर टाकायला लावते व क्षारांमागून पाणी वाहते, हे नंतरच्या संशोधनातून उमगले.

हे सारे काम त्यांनी अत्यंत तुटपुंज्या साधनांनिशी केले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेल पुरस्कारासाठी एकाहून अधिक वेळा सुचवले. मायदेशात मात्र हयातीत त्यांना एकही मोठा सन्मान लाभला नाही. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले.

पटकीच्या विषाने आतड्याचे अस्तर नष्ट होत नाही. म्हणून साखर आणि मीठ योग्य प्रमाणात मिसळलेले पाणी रुग्णाच्या आतड्यात शोषले जाते आणि ढळलेला समतोल पुन्हा साधला जातो.