सोळा वर्षांचा ग्रंथ

हिजरी 194 च्या शव्वाल महिन्यात (इ. स. 810) मध्य आशियातील बुखारा नगरीत मुहम्मद बिन इस्माईल यांचा जन्म झाला. सारे जग त्यांना इमाम बुखारी (रह.) म्हणून ओळखते. वडील स्वतः हदीसचे जाणकार होते. परंतु मुलगा लहान असतानाच त्यांचे निधन झाले आणि संगोपनाचा भार मातेवर आला. दहाव्या वर्षाच्या सुमारास मुलगा हदीस मुखोद्गत करू लागला. पुढे तो आई व वडीलबंधूंसमवेत हजला गेला. ते दोघे मायदेशी परतले. तो ज्ञानार्जनासाठी मक्केतच राहिला.

बगदादच्या विद्वानांनी शंभर हदीसींच्या सनदी, म्हणजे कथनकर्त्यांच्या साखळ्या, मुद्दाम उलटसुलट करून त्यांची परीक्षा घेतल्याची कथा आपल्या सभांतून नेहमी सांगितली जाते. श्रोते थक्क होतात आणि अशी बुद्धी आपल्याला कुठली, असे म्हणत निश्चिंत मनाने घरी जातात. मला दुसरी एक हकिकत अधिक मोलाची वाटते. प्रवासात त्यांचे लेखनिक त्यांच्याच खोलीत झोपत. इमामसाहेब एकेका रात्री पंधरा-वीस वेळा उठत, चकमकीने दिवा पेटवीत, काही हदीसींवर खुणा करीत आणि पुन्हा आडवे होत. मला का उठवीत नाही, असे लेखनिकाने विचारले, तेव्हा तरुण माणसाची झोप मोडणे आपल्याला आवडत नाही, असे त्यांनी सांगितले.

प्रसिद्ध ग्रंथ हाती घेण्यापूर्वी, वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी मदिनेत कथनकर्त्यांच्या चरित्रांचा ‘अत्तारीखुल कबीर’ लिहावयास घेतला. आधी माणसे पारखली, मग त्यांचे शब्द. बसरा, कूफा, बगदाद, शाम, मिसर असा प्रवास करून त्यांनी हजाराहून अधिक गुरूंकडून हदीसी ऐकल्या.

‘सहीह’साठी त्यांच्यापुढे सुमारे सहा लाख कथने होती, असे सांगितले जाते. त्यांतून ग्रंथ भरणे अवघड नव्हते. पण गुरू आणि शिष्य एकाच काळात होऊन गेले, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. दोघांची प्रत्यक्ष भेट सिद्ध व्हावी लागे. प्रत्येक हदीस नोंदविण्यापूर्वी ते स्नान करून दोन रकअत नमाज अदा करीत. या कामास सोळा वर्षे लागली. ग्रंथात उतरल्या पुनरावृत्तीसह सात हजारांहून थोड्या अधिक हदीसी. पुनरावृत्ती वगळता सुमारे अडीच हजार. मोबाइलवर आलेली हदीस न वाचताच पुढे पाठविणाऱ्या आपल्या बोटांना हा हिशेब एकदा सांगावयास हवा.

उत्तरायुष्यात ते बुखाऱ्यास परतले. तेथील अमीराने आपल्या मुलांना महालात येऊन शिकवावे, अशी इच्छा कळविली. होकार दिला असता तर मान, वैभव, राजाश्रय सारे एका दिवसात पायाशी आले असते. इमामसाहेबांनी नकार दिला. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी मशिदीत किंवा घरी यावे, असे कळविले. या नकारापायी त्यांना जन्मभूमी सोडावी लागली. समरकंदजवळील खरतंक या खेड्यात नातेवाइकांकडे ते उतरले आणि हिजरी 256 मध्ये (इ. स. 870) ईदुल फित्रच्या रात्री तेथेच त्यांचे निधन झाले. ईदच्या दिवशी जुहरनंतर त्यांना त्याच खेड्यात दफन करण्यात आले.