रोपाच्या शेंड्याला उमगलेला प्रकाश : चार्ल्स डार्विन

खिडकीतल्या कुंडीतील रोप उजेडाकडे झुकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते का झुकते, या प्रश्नाचा पाठपुरावा चार्ल्स डार्विन यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर केला.

डार्विन यांचा जन्म इंग्लंडमधील श्रूजबरी येथे १२ फेब्रुवारी १८०९ रोजी झाला. वडील डॉक्टर होते. परंतु एडिंबरो येथील वैद्यकीय शिक्षण मुलाने अर्धवट सोडले. पुढे केंब्रिजची पदवी घेऊन १८३१ मध्ये ते ‘बीगल’ जहाजावरून निघाले आणि १८३६ मध्ये परतले. १८४२ पासून केंट परगण्यातील डाउन गावीच त्यांचे वास्तव्य राहिले. प्रकृती सतत ढासळलेली. विद्यापीठातील पद त्यांनी कधीच भूषविले नाही. १८५९ च्या उत्क्रांतिविषयक ग्रंथाने जगाला हादरा दिल्यानंतरही घरातील प्रयोग थांबले नाहीत.

पुत्र फ्रान्सिस यांच्यासह त्यांनी कॅनरी गवताचे कोवळे अंकुर अभ्यासले. काहींच्या टोकांवर कथिलाच्या पातळ पत्र्याच्या टोप्या चढविल्या, तर काहींचा खालचा भाग बारीक काळ्या वाळूत पुरला. एका बाजूने प्रकाश पडताच उघड्या टोकाचे अंकुर वाकले. झाकलेल्या टोकाचे बहुतेक सरळच राहिले. वाक मात्र टोकाच्या खाली पडत होता. त्यावरून, प्रकाश टोकाला जाणवतो आणि कसला तरी संदेश खाली उतरतो, असा निष्कर्ष त्यांनी १८८० च्या ग्रंथात मांडला.

व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ वीझ्नर यांनी १८८१ मध्ये या ग्रंथाच्या खंडनार्थ स्वतंत्र पुस्तकच लिहिले. डार्विन यांनी ते वाचून त्यांना आदरपूर्वक पत्र पाठविले. १९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना चिरविश्रांती मिळाली. वाद मात्र मिटला नव्हता.

त्याचा निवाडा पुढच्या प्रयोगांनी केला. डेन्मार्कच्या बॉयसेन-येन्सेन यांनी कापलेले टोक व खोड यांमध्ये जिलेटिनचा थर ठेवला. तरीही अंकुर वाकला. १९२८ पर्यंत हॉलंडच्या फ्रिट्स वेंट यांनी टोकातून झिरपणारे वाढद्रव्य आगरच्या तुकड्यात गोळा करून दाखविले. तेच ऑक्सिन. निळा प्रकाश टोकातील प्रथिनांना जाणवतो, ऑक्सिन सावलीच्या बाजूस अधिक साचते, तेथील पेशींतील वाढीची जनुके अधिक सक्रिय होतात आणि ती बाजू लांबून अंकुर प्रकाशाकडे वळतो, हे आज ज्ञात आहे. अंधारात वाढलेले रोप पिवळे व लांबट होते. उजेड लाभताच शेकडो जनुकांचे कार्य पालटून खोडाची लांबण मंदावते आणि पाने हिरवी होतात.

या संशोधनाचा आरंभ कथिलाच्या टोपीने आणि मूठभर बियांनी झाला. प्रयोगशाळा तोकडी आहे म्हणून आपल्या मुलामुलींनी संकोचू नये. ओल्या मातीत गहू पेरावेत, काही अंकुरांची टोके झाकावीत, आणि गुरुजींनी सांगितलेलेही स्वतः पडताळून पाहावे.