थॉमस करंडकामागचे थॉमस

१५ मे २०२२. बँकॉकमध्ये थॉमस करंडक स्पर्धेची अंतिम लढत सुरू होती. लक्ष्य सेनने पहिली एकेरी जिंकून भारताला आघाडी मिळवून दिली होती. समोर १४ वेळा हा करंडक जिंकलेला इंडोनेशियाचा संघ होता. दुहेरीच्या सामन्यात सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी पहिला गेम १८-२१ असा गमावला. दुसऱ्या गेममध्ये तर पराभव एका गुणावर येऊन ठेपला होता. तेथून त्यांनी मोहम्मद अहसान आणि केव्हिन सुकामुल्जो या मातब्बर जोडीला २३-२१, २१-१९ असे नमविले. पाठोपाठ किदम्बी श्रीकांतनेही एकेरी जिंकली आणि १९५२, १९५५ व १९७९ मध्ये उपान्त्य टप्प्यावर थांबलेला भारत प्रथमच या करंडकाचा मानकरी ठरला.

त्या दिवशी देशभर थॉमस हे नाव घेतले गेले. परंतु हे थॉमस कोण, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. करंडकाला नाव देणारे सर जॉर्ज ॲलन थॉमस हे धनाढ्य देणगीदार किंवा खुर्चीवरचे पदाधिकारी म्हणून या खेळात आलेले नव्हते. ते मूळचे खेळाडू होते आणि तेही प्रामुख्याने दुहेरीचे. मानाच्या ऑल इंग्लंड स्पर्धेत त्यांनी एकंदर २१ विजेतीपदे मिळविली. इतकी विजेतीपदे त्या स्पर्धेच्या इतिहासात दुसऱ्या कोणालाही मिळविता आलेली नाहीत. त्यांपैकी १७ विजेतीपदांत त्यांच्या शेजारी कोणी ना कोणी जोडीदार उभा होता.

जॉर्ज थॉमस यांचा जन्म १४ जून १८८१ रोजी तत्कालीन ऑटोमन साम्राज्यात, कॉन्स्टँटिनोपलजवळ बॉस्फोरसच्या काठी वसलेल्या थेरापिया या गावी झाला. घराणे इंग्रज आणि खानदानी. वंशपरंपरेने चालत आलेली बॅरोनेट ही सरदारकी घरात १७६६ पासून होती. आई लेडी एडिथ थॉमस या बुद्धिबळात निपुण होत्या. हेस्टिंग्ज येथे १८९५ मध्ये झालेली महिलांची बुद्धिबळ स्पर्धा त्यांनी जिंकली होती. मुलाला पटाचे वेड लागले ते आईमुळेच. पुढे रॅकेटचे वेड लागले आणि ही दोन्ही वेडे त्यांनी आयुष्यभर जोपासली.

थॉमस ज्या काळात मैदानात उतरले, त्या काळी बॅडमिंटनचा चेहरामोहरा नुकताच आकार घेत होता. या खेळाचे एक मूळ आपल्या पुण्यातही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि १८७० च्या दशकात तेथे त्याचे नियमही बांधले गेले. 'पूना' या नावानेही हा खेळ ओळखला जाई. अधिकारी मायदेशी परतले, तसा खेळही त्यांच्याबरोबर गेला. १८९३ मध्ये पोर्ट्‌समथजवळच्या साउथसी येथील एका घरात इंग्लंडची बॅडमिंटन संघटना स्थापन झाली. १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिच्यात फक्त दुहेरीचे सामने होते. एकेरीचा समावेश दुसऱ्या वर्षी झाला. मध्यभागी जाळ्यापाशी चिंचोळे होत जाणारे डमरूसारखे कोर्टसुद्धा १९०१ मध्ये बाद होऊन आजचे आयताकृती कोर्ट रूढ झाले.

या नव्या कोर्टावर दोनच वर्षांत थॉमस यांचे नाव झळकले. १९०३ मध्ये एथेल थॉमसन यांच्या साथीने त्यांनी मिश्र दुहेरीचे विजेतेपद पटकाविले. तेव्हा त्यांचे वय २१ होते. एथेल थॉमसन याच पुढे विवाहानंतर लार्कोंब या नावाने १९१२ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीतील विजेत्या ठरल्या. १९०६ मध्ये या जोडीने पुन्हा बाजी मारली आणि त्याच वर्षी हेन्री मॅरेट यांच्यासह थॉमस यांनी पुरुष दुहेरीही जिंकली. मॅरेट आणि थॉमस ही जोडी १९०८, १९१० आणि १९१२ मध्येही अजिंक्य ठरली. त्यानंतर फ्रँक चेस्टरटन यांच्या साथीत १९१३ व १९१४ अशी सलग दोन वर्षे पुरुष दुहेरी त्यांच्याकडेच राहिली. मिश्र दुहेरीत १९०७, १९११ आणि १९१४ ही आणखी तीन वर्षे त्यांची होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मॅरेट यांनी ऑल इंग्लंडमध्ये तीनदा एकेरीचे विजेतेपद मिळविले होते. चेस्टरटन यांच्या नावावरही एकेरीची तीन विजेतीपदे होती. थॉमस यांच्या नावावर मात्र पहिल्या महायुद्धापर्यंत एकेरीचे एकही नव्हते. म्हणजे ज्यांच्या खांद्याला खांदा लावून ते जिंकत होते, ते दोघेही एकट्याने जिंकण्यात त्यांच्या पुढे होते. अकरा वर्षांत पुरुष दुहेरीची सहा आणि मिश्र दुहेरीची पाच विजेतीपदे मिळूनही एकेरीचा मान त्यांच्यापासून दूरच राहिला होता. एखाद्याचे मन अशा वेळी कडवट झाले असते. थॉमस मात्र वर्षामागून वर्षे जोडीने खेळत राहिले.

दुहेरीचा खेळ हा स्वभावाची परीक्षा घेणारा असतो. चढाई करताना एकाने जाळ्यापाशी आणि दुसऱ्याने मागे राहायचे, बचाव करताना दोघांनी शेजारी-शेजारी यायचे, आणि हा बदल फूल हवेत असतानाच, न बोलता करायचा. दोघांच्या मध्ये पडणारे फूल कोणाचे, या संभ्रमात कैक सामने हातचे जातात. जोडीदाराची चूक आपल्या अंगावर घ्यावी लागते आणि आपण उभारलेल्या संधीवर निर्णायक फटका बहुधा जोडीदारच मारतो. पुरुष आणि मिश्र दुहेरी मिळून थॉमस यांनी सात वेगवेगळ्या जोडीदारांसह ऑल इंग्लंड जिंकली. जोडीदार बदलले तरी विजय थांबला नाही, यावरून त्यांच्या खेळाची जातकुळी ओळखावी.

या भरात १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. १९१५ ते १९१९ अशी पाच वर्षे ऑल इंग्लंड स्पर्धा होऊ शकली नाही. खेळाडूच्या आयुष्यातील तिशीची उमेदीची वर्षे त्यांत गेली. १९१८ मध्ये वडिलांच्या निधनानंतर थॉमस सातवे बॅरोनेट झाले आणि त्यांच्या नावामागे सर ही उपाधी लागली. स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. या वयात बहुतेक खेळाडू रॅकेट भिंतीला टांगतात.

परंतु थॉमस यांची खरी बहार यानंतरच आली. १९२० मध्ये त्यांनी अखेर एकेरीचे विजेतेपद मिळविले. पहिल्या मिश्र दुहेरीच्या विजयानंतर १७ वर्षांनी हा दिवस उगवला होता. त्याच वर्षी हेझल होगार्थ यांच्यासह मिश्र दुहेरीही त्यांनी जिंकली. १९२१ मध्ये एकेरी, पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी तिन्ही विजेतीपदे एकाच स्पर्धेत त्यांच्या हाती आली. पुरुष दुहेरीत आता त्यांचे जोडीदार फ्रँक हॉज हे होते. १९२२ मध्ये एकेरी आणि मिश्र दुहेरी, १९२३ मध्ये पुन्हा एकेरी. सलग चौथ्यांदा एकेरी जिंकली, तेव्हा चाळिशी उलटून गेली होती.

आणि १९२३ चे वर्ष एवढ्यावरच संपले नाही. मार्च महिन्यात बॅडमिंटनमध्ये अव्वल ठरलेल्या या गृहस्थाने त्याच वर्षी ब्रिटिश बुद्धिबळ अजिंक्यपदही जिंकले. ही बुद्धिबळ स्पर्धा झाली ती साउथसी येथेच, जेथे तीस वर्षांपूर्वी बॅडमिंटन संघटनेचा जन्म झाला होता. टेनिसमध्येही त्यांची गती सामान्य नव्हती. १९११ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत त्यांनी उपान्त्यपूर्व फेरी गाठली होती. एका माणसाने एवढ्या वेगवेगळ्या खेळांत या उंचीवर पोहोचावे, हे आजच्या व्यावसायिक युगात अशक्यप्राय वाटते.

बुद्धिबळाच्या जगात मात्र त्यांचा सर्वांत गाजलेला डाव हा त्यांच्या पराभवाचा आहे. १९१२ मध्ये लंडनमध्ये नुकत्याच आलेल्या एडवर्ड लास्कर यांच्याशी ते सहज म्हणून खेळावयास बसले. लास्कर यांनी वजिराचा बळी दिला आणि थॉमस यांच्या राजाला एकेक घर पुढे ओढत थेट आपल्या पहिल्या रांगेत आणून मात केली. अवघ्या १८ खेळींचा हा डाव बुद्धिबळाच्या असंख्य पुस्तकांत छापला गेला. थॉमस यांनी पराभव हसतमुखाने स्वीकारला आणि प्रतिस्पर्ध्याचे मनापासून कौतुक केले, असे खुद्द लास्कर यांनी लिहून ठेवले आहे. पुढे थॉमस यांनी दिग्गजांनाही चकित केले. १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत मॅक्स युवे आणि सालो फ्लोर यांच्यासह ते संयुक्त विजेते ठरले. माजी जगज्जेते कॅपाब्लांका आणि भावी जगज्जेते बोट्विनिक हे दोघे त्यांच्या मागे राहिले आणि दोघांनाही त्यांनी पटावर हरविले. त्या वेळी त्यांचे वय ५३ होते.

बॅडमिंटन कोर्टावरही वयाने त्यांना लवकर गाठले नाही. १९२४ मध्ये हॉज यांच्यासह त्यांनी पुरुष दुहेरी पुन्हा जिंकली. तोवर आयर्लंडचे फ्रँक डेव्हलिन आणि कर्ली मॅक ही जोडी पुढे आली होती. १९२३ मध्ये पहिल्यांदा जिंकलेल्या या जोडीने १९२६ आणि १९२७ असे दोनदा विजेतेपद घेतले आणि १९२९ पासून आणखी तीन वर्षे ते स्वतःकडे ठेवले. मधल्या १९२८ या एका वर्षी मात्र विजेत्यांच्या यादीत थॉमस आणि हॉज ही नावे आहेत. थॉमस ४६ वर्षांचे होते. पहिले विजेतेपद मिश्र दुहेरीचे होते, शेवटचे पुरुष दुहेरीचे. या दोहोंत २५ वर्षांचे अंतर होते.

खेळणे थांबल्यावर त्यांनी खेळासाठी जोडीदार शोधले, ते देशोदेशी. ५ जुलै १९३४ रोजी इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, डेन्मार्क, फ्रान्स, हॉलंड, कॅनडा आणि न्यूझीलंड या नऊ सदस्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन केला. थॉमस त्याचे पहिले अध्यक्ष झाले. याच वर्षी त्यांनी दुसऱ्यांदा ब्रिटिश बुद्धिबळ अजिंक्यपद मिळविले, हा आणखी एक योगायोग. महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी १९५५ पर्यंत, म्हणजे २१ वर्षे सांभाळले.

टेनिसमध्ये डेव्हिस करंडकासाठी राष्ट्रे झुंजत होती. बॅडमिंटनला असे काही नव्हते. देशांच्या पुरुष संघांसाठी जागतिक स्पर्धा असावी, ही कल्पना थॉमस यांनी पुढे आणली आणि १९३९ मध्ये तिच्यासाठी करंडक देऊ केला. लंडनच्या कारागिरांनी घडविलेल्या या चांदीच्या करंडकाची उंची २८ इंच असून झाकणावर खेळाडूची मूर्ती आहे. पहिली स्पर्धा १९४१-४२ च्या हंगामात व्हावयाची होती. पण पुन्हा एकदा महायुद्ध आडवे आले. एका युद्धाने त्यांची खेळण्याची पाच वर्षे नेली होती, दुसऱ्याने त्यांचा करंडक कपाटात ठेवला. बुद्धिबळातही तेच घडले. १९३९ मध्ये ब्यूनस आयर्सच्या ऑलिम्पियाडमध्ये ते ब्रिटनकडून खेळत असतानाच युद्ध सुरू झाले आणि संघ स्पर्धा सोडून मायदेशी परतला.

अखेर १९४९ मध्ये इंग्लंडमधील प्रेस्टन येथे थॉमस करंडकाची पहिली अंतिम लढत झाली. मलायाने डेन्मार्कचा ८-१ असा धुव्वा उडविला. करंडक इंग्रजांच्या घरातून निघाला तो थेट आशियात गेला आणि पुढे बहुतेक काळ आशियातच राहिला. २०२४ पर्यंतच्या स्पर्धांत तो इंग्लंडला एकदाही जिंकता आलेला नाही.

या स्पर्धेच्या रचनेत दुहेरीला मोठे स्थान मिळाले. आरंभी लढतीत नऊ सामने असत. पाच एकेरीचे आणि चार दुहेरीचे. १९८४ पासून ते तीन आणि दोन असे झाले. तरीही केवळ एका असामान्य एकेरी खेळाडूच्या जोरावर हा करंडक जिंकता येत नाही. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनीही १९५१ ते १९६३ या काळात भारतासाठी या स्पर्धेत एकेरीचे १६ आणि दुहेरीचेही १६ सामने खेळले. मोठ्या खेळाडूलाही येथे दोन्ही ओझी वाहावी लागत.

सर जॉर्ज थॉमस अविवाहित राहिले. २३ जुलै १९७२ रोजी लंडनमध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे वारस नव्हता. दोनशे वर्षे चालत आलेली बॅरोनेट ही पदवी त्यांच्याबरोबर संपली. घराण्याचे नाव मात्र राहिले, ते करंडकावर. बँकॉकमध्ये हरता-हरता सावरलेल्या सात्त्विक आणि चिराग यांनी तो भारतात आणला, तेव्हा आयुष्यभर जोडीने जिंकलेल्या या माणसाच्या नावाचा करंडक पुण्यात नियम बांधले गेलेल्या खेळाच्या देशात प्रथमच आला होता.