रुग्णशय्येवरील पुनर्जन्म : पावसचे स्वामी स्वरूपानंद

नाथसंप्रदायाची वाट कोकणच्या मातीला नवीन नाही. परंपरेनुसार प्रत्यक्ष गहिनीनाथांचा अनुग्रह लाभलेले सोहिरोबानाथ आंबिये पेडणे-बांदे परिसरातील भाविकांच्या घरोघरी परिचित असून, विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालय आज त्यांचेच नाव धारण करून आहे. गहिनीनाथ, निवृत्तिनाथ व ज्ञानेश्वर या क्रमाने वाहत आलेल्या त्याच गंगौघात विसाव्या शतकात रत्नागिरीजवळील पावस या गावी एक सत्पुरुष होऊन गेले. ते स्वामी स्वरूपानंद होत. गंभीर आजारातून उठलेल्या मनुष्याने पुढील आयुष्य कसे जगावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रात जितके स्पष्ट आढळते तितके क्वचितच अन्यत्र आढळेल.

स्वामींचा जन्म १५ डिसेंबर १९०३ रोजी पावस येथे झाला. पूर्वाश्रमीचे नाव रामचंद्र विष्णु गोडबोले. विद्यार्थिदशेतच असहकाराच्या चळवळीचे वारे लागून त्यांनी सरकारी परीक्षांकडे पाठ फिरविली आणि पावसला परतून स्वावलंबनाश्रम नावाची राष्ट्रीय शिक्षणाची शाळा काढली. १९२३ साली पुण्यास श्रीगणेशनाथ तथा बाबामहाराज वैद्य यांच्याकडून त्यांस सोऽहं साधनेचा उपदेश मिळाला. पुढे टिळक महाराष्ट्र विद्यापीठात अध्ययन झाले, देशकार्य चालूच राहिले, आणि १९३२ साली येरवड्याचा कारावासही घडला. तेथेही साधना खंडित झाली नाही. ‘नवरत्नहार’ ही रचना त्या कारागृहातीलच होय.

अशा रीतीने कर्तृत्वाची सर्व दारे उघडी असताना, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १९३४ साली स्वामींना अतिशय गंभीर आजार जडला. देह क्षीण होत गेला आणि एक समय असा आला की मृत्यू अगदी उंबरठ्यावर येऊन ठेपल्याची प्रतीती त्यांना झाली. अकरा वर्षे साधना केलेल्या पुरुषालाही ती घटिका सोपी गेली नाही, ही गोष्ट भाविकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. मरणाच्या समोर जीव व्याकुळ होणे ही भक्तीतील उणीव नव्हे. तो देहाचा स्वभाव आहे. स्वामींचा अधिकार त्या व्याकुळतेच्या पलीकडे दिसून आला. देहाची होत असलेली दशा पाहणारा कोणी एक आत निश्चल आहे, हे जे आजवर श्रवण-मननाने जाणले होते, ते त्या प्रसंगी अनुभवास आले. या अनुभवाचे निवेदन त्यांनी पुढे ‘अमृतधारा’ या साकीबद्ध ग्रंथात केले.

आजार हटला, परंतु पूर्वीचे बळ परत आले नाही. येथेच खरी परीक्षा होती. रुग्णशय्येवर असताना मनुष्यास एकच इच्छा असते, की बरे व्हावे. बरे झाल्यावर मात्र पूर्वीच्या आपल्याशी आजच्या आपली तुलना सुरू होते आणि हातून सुटलेल्या कार्याचे शल्य मन पोखरू लागते. ज्यांनी शाळा चालविली, कारावास पत्करला, त्या स्वामींस यापुढे गावोगाव हिंडणे शक्य नव्हते. त्यांनी गेलेल्या शक्तीचा शोक केला नाही आणि तिचा हट्टही धरला नाही. उरलेल्या शक्तीचे माप ओळखून त्या मापानेच जीवन नव्याने आखले. पावस येथील देसाई कुटुंबाच्या ‘अनंत निवास’ या घरी एका खोलीत ते राहिले व पुढील सुमारे चाळीस वर्षे तेच त्यांचे स्थान झाले.

त्या खोलीतून जे निर्माण झाले ते पाहता थक्क व्हावे लागते. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांचे त्यांनी अभंगरूपात रूपांतर केले. ‘अभंग अमृतानुभव’, ‘भावार्थ गीता’, ‘संजीवनी गाथा’ हेही याच काळातील कार्य होय. एवढा डोंगर नाजूक प्रकृतीच्या पुरुषाने उचलला तो एकदम नव्हे. थोडे थोडे, नित्य, आणि फलाची घाई न करता. दर्शनास येणाऱ्या दुःखितांशी ते मृदुपणे व मोजके बोलत. स्वतः मरणाच्या दारातून आल्यामुळे दुसऱ्याचे भय त्यांस समजावून सांगावे लागत नसे.

१५ ऑगस्ट १९७४ रोजी स्वामींनी पावस येथेच देह ठेविला. त्यांचे समाधिमंदिर आज कोकण-गोमंतकातील असंख्य भाविकांचे विश्रांतिस्थान आहे.

आजारपण हीच ईश्वराची कृपा, असा अर्थ या चरित्रातून कोणी काढू नये. रोग हा रोगच. त्यावर वैद्याचे औषध व आप्तांची शुश्रूषा घेणे हा धर्मच आहे. कृपा दिसते ती नंतरच्या वर्तनात. आपल्या पेडणे, डिचोली भागातही दीर्घ दुखण्यातून उठलेले, पण मनाने अद्याप अंथरुणावरच असलेले किती तरी बंधुभगिनी असतील. पूर्वीइतके चालवत नाही, शेतात वा दुकानात पूर्वीसारखा हात चालत नाही, म्हणून त्यांनी स्वतःस निरुपयोगी मानू नये. झेपेल तेवढे एक कर्म आणि त्यासोबत श्वासागणिक स्मरण, एवढ्यानेही जीवन पुन्हा उभे राहते, याची साक्ष पावसच्या त्या खोलीने दिली आहे. अशा सर्वांस आरोग्य व समाधान लाभो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.